हर्षदाचं फुल तिकीट

हर्षदाला काळ्यामामानं ओलांडलं म्हणून तिची वाढ खुंटली, असं अख्खं खोडाळा गाव सांगायचं. तान्ही हर्षदा ओसरीवर निजलेली, मामा साखरशेत गावाहून घाईत आला आणि तिच्यावरून टांग टाकून घरात शिरला. तिची आजी, धोंडीबाई, नाकातून सूर काढायची, "गेला तसाच मांगं आला असता त कायच झालं नसतं."

शेवटी आठवीतल्या हर्षदाला ओसरीवर आडवं निजवून आजीनं मामाला उलट्या पावलांनी तिच्यावरून परत जायला लावलं. मी बघायला होतेच. मामा अडखळला, आणि हसता हसता हर्षदाला खोकल्याची उबळ आली.

खरी गोष्ट त्या खोकल्यात होती. ती माझ्या बाकावर बसते, म्हणून मला ठाऊक. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. छातीत चिकट कफ साठतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, घाम इतका खारट की वाळल्यावर कपाळावर पांढरी रेघ उमटते. जेवताना पचनाच्या कॅप्सूल घ्यायला लागल्यावर वजन धरलं, उंची मात्र तिसरीतल्या पोरीएवढीच. मग मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी एक औषध देऊन सकाळभर थोड्या थोड्या वेळानं तिचं रक्त तपासलं. मी सगळ्यांच्या नकला करते, पण त्यांचा हळू, गार आवाज हर्षदानंच मला शिकवला: "खाणं अंगी लागत नाही म्हणून या आजाराची बरीच मुलं लहान राहतात, बाळा. तुझ्यात वाढीचं हार्मोनही कमी आहे. ते रोज टोचून घ्यावं लागेल. खोकला त्यानं जाणार नाही हं."

रोज सुई! कशासाठी एवढं, मी विचारलं. ती म्हणाली, कंडक्टरसाठी. जव्हारच्या एसटीत तो दर वेळी तिचं हाफ तिकीट फाडायचा. तिनं फुल मागितलं की मान वाकडी करून विचारायचा, "आई कुठंय गं तुझी?" सगळी गाडी हसायची, आणि ती खिडकीकडे तोंड करून बसायची.

"दहावीच्या पेपरला जाताना न विचारता फुल देईल तो," ती म्हणाली.

नाही देणार, मी म्हणाले. पैज लागली. मी हरले तर आठवडाभर कुणाची नक्कल करायची नाही.

सुईचं औषध गार ठेवायचं, पण वीज टिकेल तर ना. तिचे वडील, हेमंत गुरुजी, थर्मासात बर्फ भरून ठेवत. एकदा ते बर्फाला टेकून गोठलं, फेकावं लागलं. तेव्हापासून मध्ये फडकं आलं. माझा जुना स्कर्ट तिच्या पायात घोळायचा, तो हळूहळू घोट्यावर आला, मग त्याच्याही वर. खोकला तसाच होता. आजीला विचारलं तर म्हणायची, सुईनं काय होतंय, काळ्या उलटा गेला म्हणून वाढली.

पहिल्या पेपरला आम्ही एसटीत शेजारी बसलो. कंडक्टर चिमट्यानं टकटक करत आला. हर्षदा ताठ बसली. खोकला दाबला की तिचे कान लाल होतात, तसे झाले होते.

"कुठं, ताई?" त्यानं विचारलं.

"जव्हार."

त्यानं फुल फाडलं, टोचलं, तिच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळला. मी मान वाकडी करून, त्याच्याच सुरात, "जव्हार एक" म्हणायला तोंड उघडलं, तोच हर्षदानं बरगडीत कोपर मारलं.

मग मला माझ्याच आवाजात तिकीट मागावं लागलं.