बाजारच्या दिवशी वाचलेला हुकूम

भोर ठाण्यातली ती तक्रार इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, मी तिथे फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वेल्ह्याच्या सीमेवरच्या डोंगरी गावच्या, बौद्ध समाजातल्या, विधवा. वरंधा घाटाखालून सुकी मासळी आणून त्या भोरच्या बाजारात विकत. महाडचे व्यापारी त्यांना नुसत्या शब्दावर माल देत.

"साहेब, म्या कुणाचं काय घेतलं न्हाई, आन् कोर्टानं माज्यावर हुकूमनामा केलाय."

मासळीच्याच धंद्यातल्या एका व्यापाऱ्याने उसनवारीचा खोटा दावा लावला होता. समन्स मिळूनही बाई आल्या नाहीत, अशी कोर्टात नोंद झाली आणि निकाल एकतर्फी लागला. त्या हुकूमनाम्यावरून बाजारातल्या पतसंस्थेने त्यांचं नाव बाहेरच्या, कर्जबुडव्यांच्या फळ्यावर चढवलं. ते कळताच महाडहून येणारा माल थांबला.

"हप्ते बांधून मिटवा, असं कुणी सुचवलं नाही?" मी विचारलं.

"समदेच सांगत्यात. पर भरलं म्हंजी घेतलं व्हतं, असंच झालं की!"

मी तक्रार लिहून घेतली.

तपासात त्यांच्याच गावचे एक शेळ्या राखणारे गृहस्थ आपणहून भेटले. "समन्स घिऊन आलेला कोर्टाचा बेलीफ गावात चढलाच न्हाई, साहेब. खाली फाट्यावर त्या व्यापाऱ्याच्या मुनीमानं एक बाई उबी केली व्हती."

समन्सवर ओळख पटवणारा म्हणून मुनीमाचीच सही होती. त्याला ठाण्यात आणलं. "ह्याच बाईंनी अंगठा दिला," हे त्याचं पालुपद दुपारपर्यंत सुटेना. मग मी बेलिफांना बोलावलं आणि बाईंना इतर बायकांबरोबर रांगेत उभं केलं. बेलीफ दोनदा रांगेवरून फिरले.

"यात ती बाई नाही."

मी तक्रारदार बाई दाखवल्या. बेलिफांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मग मी फसलो. नोकरीवर आलं तरी कोर्टात हेच सांगीन."

हे ऐकून मुनीमाने प्यायला पाणी मागितलं आणि सगळं कबूल केलं. बाजारातली बाईंची जागा मालकाला हवी होती. समन्सवरचा अंगठाही बाईंचा नसल्याचा ठसेतज्ज्ञांचा अहवाल पुण्याहून आला. हुकूमनामा रद्द झाला, मालक आणि मुनीम दोघांवर खटला उभा राहिला.

माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं. बाई मात्र पुन्हा ठाण्यात आल्या.

"फळा पुसलाय, साहेब. पर ज्यांनी वाचलं, त्यांना कुठं ठावं?"

त्यावर माझ्याकडे कलम नव्हतं. त्या स्वतःच पतसंस्थेत जाऊन बसल्या आणि पुढच्या बाजारी चिटणीसांना घेऊनच आल्या. भर गर्दीत चिटणीसांनी हुकूमनामा रद्द केल्याचा कोर्टाचा हुकूम मोठ्याने वाचला. बाई ताठ उभ्या राहून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर खाली बसल्या आणि पहिल्या गिऱ्हाइकाला बोंबील मोजून देऊ लागल्या.

आरोपी सापडला की पोलिसाचं काम झालं, असं मी तोवर मानत होतो. पुढे ज्याच्यावरचा आळ खोटा ठरे, त्याच्या गावी मी स्वतः जात असे आणि पोलीस पाटलांना चावडीवर चार माणसं गोळा करायला लावून आळ खोटा ठरल्याचं सांगत असे.