कळव्याची कुंभारीण

पुण्याहून निघालेली एसटी ठाण्यात खोपटच्या स्टँडला लागली तेव्हा माझं डोकं ठणकत होतं आणि रस्त्याची धूळ घशात बसली होती. कळवा म्हटल्यावर रिक्षावाला म्हणाला, "ताई, खाडीच्या पुलावर जाम ट्रॅफिक आहे. घाई असेल तर चालत जा." मी हट्टाने बसले. पुलावर इतका वेळ अडकलो की वाटलं, त्याचंच ऐकायला हवं होतं.

मी परजीवी माश्यांचं वर्गीकरण करते. दुसऱ्या किड्यांची पिल्लं खाऊन वाढणाऱ्या या माश्यांत कोण कोणाची नातलग, हे शोधायला वाळलेले जुने नमुने पुरत नाहीत, ताजी माशी लागते. कळव्याच्या एका चाळीतल्या सायलीने खिडकीतल्या कुंभारणीच्या (मातीचं मडकं बांधणाऱ्या गांधीलमाशीच्या) घराचा फोटो पाठवला होता. सुपारीएवढ्या मडक्यावर एक चकचकीत हिरवी माशी बसलेली. ती बघून माझी झोपच उडाली होती.

सायलीच्या सासूबाईंनी गरम घावने वाढली. सायलीला सातवा महिना. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता, हे त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं.

"मागच्या दोन्ही वेळेला कुंभारीण घरात आली नव्हती. ह्या वेळी आली, म्हणजे बाळ सुखरूप येणार. तिचं घर मोडायचं नसतं हो, पण सोमवारपासून दुरुस्तीला चाळीचं प्लास्टर काढणारेत, आमचं कोण ऐकतंय? तुम्ही न्या. आतली अळी कुंभारणीचं ध्यान करून कुंभारीणच होते. झाली की कळवा."

ती अळी ध्यान करत नाही. कुंभारीण तिला नांगी मारून सुन्न करते आणि कुंभारणीचं पिल्लू तिला जिवंत खातं. हिरवीने आत अंडं घातलं असेल, तर तिचं पिल्लू त्या पिल्लालाही खातं. नांगी म्हणजे मुळात अंडी घालायची नळीच. मुंगी, मधमाशी, कुंभारीण, सगळ्या अशाच परजीवी पूर्वजांच्या वंशातल्या. हिरवीही त्यांच्यातलीच, फक्त ती पुन्हा जुन्या धंद्याला लागली. हे सगळं मी चहाबरोबर गिळलं.

मडकं अलगद सोडवून डबीत घेतलं. सायली जिन्यापर्यंत आली.

"मॅम, त्यावर ती हिरवी पण बसलेली ना? मग आतून नक्की कोण निघणार?"

"सांगता येत नाही. अगं, पण माशीचा आणि तुझ्या बाळाचा काही संबंध नाही."

"माहितीये, बीएस्सी झालेय मी. पण पोटात हललं नाही ना, की मी ह्या मडक्याकडेच बघत बसते. काय निघेल ते मला सांगा, आईंना नको."

परतीच्या बसमध्ये डबी मांडीवरून खाली ठेवली नाही. पुण्यात ती खिडकीत ठेवली. सायलीचा रोज फोन यायचा, माझं रोज "अजून नाही."

मग एका सकाळी मडक्याला भोक पडलेलं दिसलं आणि डबीत हिरवीगार माशी पाय घासत बसलेली. मी आनंदाने ओरडलेच. तेवढ्यात फोन वाजला.

"निघाली का, मॅम?"

"निघाली."

"कोण?"

"कुंभारीण."

पलीकडे ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मुद्दाम चुकीच्या कुळात घातलेली ही माझी पहिलीच माशी.

सायलीचे दिवस अजून भरायचे आहेत. आता फोन वाजला की माझ्याच छातीत धस्स होतं, आणि मी स्वतःवरच चिडते.