गोजरमावशीने गल्लीत लावलेलं लगीन

माझी मावशी गोजर आमच्या भागातली धवलारीण. लग्नात भटजी काय करतो ते कुणाला सांगावं लागत नाही, धवलारीण काय करते ते मात्र हल्ली सांगावं लागतं. हळद दळण्यापासून नवरी सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक कामाचं एक गाणं असतं. त्याला धवला म्हणतात. तो गायल्याशिवाय ते काम झालं असं जुनी माणसं धरत नाहीत. खर्डीपासून पार मुरबाडच्या बाजूपर्यंत मावशीला बोलावणं यायचं. एक लुगडं, एक नारळ आणि सूपभर तांदूळ घेऊन ती घरी परतायची आणि दोन दिवस घसा बसला म्हणून कुणाशी बोलायची नाही. तेवढीच काकांना विश्रांती.

धवल्यात नावं घ्यावी लागतात. नवरीची आई, आत्या, मामा, नवऱ्याची चुलती, सगळे त्यात आले पाहिजेत. त्यामुळे मावशीला माणूस दिसला की आधी त्याचे नातेवाईक हवे असत. "कसा हायेस" असं तिने कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. "तुजा मामा कोन?" असं विचारायची. मी भातसानगरला धरणाच्या ऑफिसात कारकून आहे. आमचे एक विदर्भातले साहेब एकदा माझ्याकडे जेवायला आले होते, तर तिने त्यांनाही सोडलं नाही. साहेब म्हणाले, चार मामा आहेत. "चारी सांग," मावशी म्हणाली. साहेबांची बदली होऊन वर्ष उलटलं तरी ती मला विचारायची, "त्यांच्या तिसऱ्या मामाचा गुडघा कसा हाय रे?"

पण दोन हजार सालाच्या आसपास लग्नांत बेंजो वाजवणाऱ्या पार्ट्या घुसल्या. पोरं म्हणायला लागली, आजी, पाच मिनिटांत आटपा. एकदा आसनगावजवळच्या लग्नातून ती लवकर परत आली. मी विचारलं, काय झालं?

"काय नाय. मी देवांना आवतन देत होते. गावदेवीला बोलावली, माहुलीच्या देवाला बोलावला, तवर बेंजोवाल्याने सुरू केला. देव दारातूनच परत गेले असतील." एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली. त्या वर्षी तिला तीनच लग्नं मिळाली.

अशात आम्हाला दिपाली भेटली. मुंबईची मुलगी, नाटकवाली, केस मुलासारखे कापलेले. मैत्रिणीच्या लग्नाला मुरबाडकडे आली होती आणि तिथे मावशीच्या समोर बसून तिने दुपारभर धवला ऐकला. मी मावशीला आणायला गेलो होतो, निघताना तिने मला बाजूला घेतलं. फेब्रुवारीत मुंबईत मोठा कलामहोत्सव असतो, म्हणाली. मोठे गायक, मोठी नाटकं मोठ्या मंचावर. मागच्या गल्लीत एक लहान मंच असतो, तो माझ्याकडे आहे. तिथे वेगळं काहीतरी करणारे लोक येतात. मावशींना वीस मिनिटं देते.

हे सगळं तिने मला सांगितलं. मावशीला तिने एवढंच सांगितलं: "फेब्रुवारीत मुंबईला यायचं, धवला गायचा, गाडी पाठवते."

मावशीला वाटलं, लग्न आहे. मला कळत होतं की तिला तसं वाटतंय. खरं सांगितलं असतं तर ती आली नसती, म्हणून मी गप्प राहिलो. माझी चूक ती एवढीच, पण पुरेशी होती.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत जीप आली. मावशी नवं लुगडं नेसून, हातात गाठोडं घेऊन बसली. गाठोड्यात हळद, अक्षता, सुपारी, कुंकू, आंब्याची डहाळी. मला वाटेत विचारलं, "नवरी कोनाची रे?"

"कळेल तिथे गेल्यावर."

"मामाचा नाव तरी?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

गल्लीत पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. एका बाजूला भिंतीवर पोरं चित्रं काढत होती. एक मुलगी सायकलच्या चाकाच्या तारांवर गज फिरवून सूर काढत होती. मधोमध एक माणूस अंगभर चंदेरी रंग फासून पुतळ्यासारखा उभा होता. सकाळपासून हललेला नाही, असं लोक कौतुकाने सांगत होते. मावशीने त्याच्याभोवती एक फेरी मारली, जवळ जाऊन त्याचे डोळे बघितले आणि मला म्हणाली, "याला कोनी घरी नेत नाय काय?"

आमच्यानंतर एका कवीचा कार्यक्रम होता. उंच, बारीक माणूस. त्याने एका लांब पांढऱ्या कापडावर एकच कविता लिहून आणली होती. ते कापड हळूहळू उलगडत तो ती वाचणार होता. कापडाची गुंडाळी मांडीवर घेऊन तो बाकावर बसला होता.

पाचला पाच मिनिटं कमी असताना दिपालीने मावशीला मंचावर नेलं. मंच म्हणजे चार फळ्या आणि सतरंजी. समोर शंभर-एक माणसं. मावशीने इकडेतिकडे बघितलं.

"मांडव कुठं हाय?"

"मांडव नाही मावशी, हा मंच आहे. इथे बसायचं आणि गायचं."

"लगीन कोनाचा?"

दिपालीने माझ्याकडे बघितलं. मी चपलेकडे बघितलं.

"लग्न नाही मावशी. नुसतं गाणं. लोकांना ऐकायचंय."

"नुसता गाना नाय ता. ता काम हाय."

"समजा ना, कुणाचं तरी लग्न आहे असं."

"समजायचा कसा? पैला धवला आवतनाचा. मी देवांची नावं घेनार, ते येनार. येऊन बघनार तर नवरा नाय, नवरी नाय. त्यांना काय सांगू, तुमाला नुसतं समजायला बोलावलाय?"

आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं, पण माइक सुरू होता. हे सगळं बोलणं गल्लीभर घुमत होतं. लोकांना वाटलं नाटक सुरू झालं. ते हसायला लागले. मोठ्या मंचाकडे निघालेले चारजण मागे वळून आमच्याकडे आले. दिपालीने बाजूच्या टेबलाकडे हात करून माइक बंद करायची खूण केली.

त्या टेबलावर पंढरी होता. ध्वनिक्षेपकाचं काम बघणारा, पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, शांत माणूस. त्याने माइक बंद केला नाही. पुढे मला म्हणाला, एवढं स्वच्छ ऐकू येत होतं, बंद करायला हात झाला नाही.

मावशीची नजर त्याच्यावर गेली. "तुजा लगीन झालाय?"

"झालंय की. बावीस वर्षं झाली." त्याने मागे बोट केलं. मागे त्याची बायको अनिता कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसली होती. नाटकांचे कपडे सांभाळायचं काम ती करायची. डोळ्यावर चष्मा, चष्म्याला गळ्यात दोरी.

"धवला कोनी गायला?"

"गायचं काय त्यात? कोर्टात झालं. सही केली, चहा घेतला."

"हळद?"

"नाही."

"मंग अर्धाच झालाय," मावशी म्हणाली आणि गाठोडं सोडायला बसली. "ये गो नवरी. तू बी ये."

अनिता नको नको म्हणत होती. लोकांनी तिला वाट करून दिली आणि कुणीतरी पंढरीच्या कानावरचा हेडफोन काढला. दोघं सतरंजीवर बसली. मावशीने गल्लीचे दोन भाग केले, भिंतीकडचे नवरीचे, रस्त्याकडचे नवऱ्याचे. शंभर अनोळखी माणसं मुकाट्याने जागा बदलून बसली. मग तिने चंदेरी माणसाकडे बघितलं.

"तू उभाच हायेस तर अक्षता वाट."

तो क्षणभर तसाच राहिला. मग त्याची मान हलली, मग खांदा, आणि तो मुठीत तांदूळ घेऊन लोकांत फिरायला लागला. वाटून झाल्यावर तो मला म्हणाला, बरं झालं, पायाला मुंग्या आल्या होत्या.

मावशीने आवतण दिलं. गावदेवी, वाघदेव, माहुलीचा देव, आणि ज्यांची नावं मुंबईत कुणाला माहीत नसतील असे आणखी आठ-दहा. मग हळद. पंढरीच्या गालाला हळद लावत ती गायली:

*माइकवाल्या नवऱ्याला बोलता येत नाय,*
*लोकांचा आवाज मोठा करतो, सोताचा नाय.*

पंढरी खाली मान घालून हसत होता. मग अनिताकडे वळून:

*नवरीच्या डोळ्याला चष्मा गो, चष्म्याला दोरी,*
*तरी दिसते नवऱ्याची तंबाकूची चोरी.*

पंढरीचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि नवरीकडची बाजू टाळ्या वाजवायला लागली. पाच वीस कधीच होऊन गेले होते. दिपालीने घड्याळ बघणं सोडून दिलं होतं.

मग नावं घ्यायची वेळ आली. पंढरीने आपली भराभर सांगितली. मावशीने अनिताला विचारलं, "आयचा नाव?"

अनिताने चष्म्याची दोरी सारखी केली.

"मामा?"

"मावशी, राहू द्या ती नावं. मी त्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं. बावीस वर्षांत कुणी आलं नाही, मी गेले नाही."

माइक तिच्यासमोरच होता. गल्लीभर ऐकू गेलं. मावशीने हातातली सुपारी खाली ठेवली.

"घरात नको येऊ देऊस," ती म्हणाली. "गान्यात येऊ दे. गान्यात आल्याने कोन काय नेत नाय."

मग अनिता म्हणाली, "आई राधा. मामा दत्ताराम."

मावशीने ती दोन नावं घेतली. राधाबाईच्या हातची हळद, दत्ताराममामाच्या खांद्यावरची नवरी. चाल तीच, आवाज तोच, फक्त प्रत्येक ओळ ती दोनदा गायली. अनिताने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, डोळ्यात हळद गेली.

अंतरपाटाला कापड नव्हतं. मावशी कवीसमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. त्याने मांडीवरची गुंडाळी दिली, मग स्वतःही उठला. कापडाचं एक टोक त्याने धरलं, दुसरं दिपालीने. कविता मधोमध टांगली गेली. पलीकडे नवरी, अलीकडे नवरा. तांदूळ पडले, कापड खाली आलं आणि पन्नाशीचा पंढरी आपल्या बायकोकडे असा बघत राहिला की मलाच दुसरीकडे बघावं लागलं.

वीस मिनिटांचा कार्यक्रम एक तास दहा मिनिटं चालला. त्यानंतर कवीने हळदीचे हात उमटलेल्या कापडावरून कविता वाचली. दोन ओळी पुसल्या होत्या. त्या त्याने गाळल्या आणि कविता सुधारली असं जाहीर केलं.

येताना जीपमध्ये मावशी माझ्याशी आसनगाव येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "तुला ठाऊक होता ना?"

"होतं."

"परत असा करू नको." मग गाठोडं मांडीवर घेत म्हणाली, "पन पानी द्यायला कोन नव्हता तरी लोक उठली नाय. बघितलास?"

एका पेपरात बातमी आली. प्रेक्षकांचा सहभाग, लोकरंगभूमीचा नवा प्रयोग, असं काय काय लिहिलं होतं. मी ती वाचून दाखवली. मावशीने विचारलं, "मामाचा नाव बरोबर छापलाय का?" बरोबर होतं.

पुढच्या वर्षी दिपालीचा ऑफिसात फोन आला. कोर्टात लग्न झालेली सात जोडपी तयार होती. मी मावशीला विचारलं. "सात एकदम नाय," ती म्हणाली. "ज्याचा त्याचा मामा वेगळा." मग दिवसाला दोन असं ठरलं आणि ती चार दिवस दिपालीच्या घरी जाऊन राहिली. तिथे शेजारच्या तीन बिऱ्हाडांचे मामा तिला पाठ झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत एक म्हातारा आला. धोतर, काळी टोपी, हातात काठी आणि खिशात मागच्या वर्षीच्या पेपरचं कात्रण. तो सरळ मंचापाशी आला आणि मावशीला म्हणाला, "दत्ताराम माझं नाव. माझं नाव घेतलंत, ठीक. पण मी जिवंत असताना अंतरपाट भलत्याच माणसाने का धरला?"

भलता माणूस, म्हणजे कवी, शेजारीच उभा होता. त्याने नमस्कार केला.

"बोलावला असता तर आला असता का?" मावशीने विचारलं.

म्हाताऱ्याने विचार केला. "नसतो आलो," तो म्हणाला. "पण बोलवायला हवं होतं."

टेबलाजवळ अनिता उभी होती. ती पुढे आली नाही, तोही तिच्याकडे गेला नाही. पंढरीने मधेच एक खुर्ची आणून ठेवली आणि चहा सांगितला. तिघं चहा प्यायली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, कारण पंढरीने पहिल्यांदाच माइक बंद केला होता.

मग मामांनी हट्ट धरला, अंतरपाट धरायचाच. मावशीने साफ सांगितलं की एका जोडप्याचं लग्न दोनदा लागत नाही. "पन आज दोन हायेत. त्यांचा कोनी मामा आला नाय." त्या दुपारी दत्ताराममामांनी दोन अनोळखी जोडप्यांचा अंतरपाट धरला, दुसऱ्या टोकाला कवी. मामा बुटके आणि कवी उंच, त्यामुळे कापड तिरकं राहायचं. मामा दर वेळी त्याला सांगायचे, खाली घ्या, खाली घ्या.

मावशी अशी पाच वर्षं मुंबईला गेली. गावाकडची लग्नं फार वाढली असं नाही. बेंजो राहिलाच. पण आता लोक आधी मावशीला वेळ विचारतात आणि मग बेंजोवाल्याला सांगतात. दोन हजार आठला तिचे गुडघे धरले. तिने दिपालीला फोनवर सांगितलं, मी येत नाय, ज्याला पायजे त्याने इथं यावा.

दिपालीला वाटलं, विषय संपला. मार्चमध्ये खर्डी स्टेशनला एक जोडपं उतरलं, दोघंही साठीतली, हातात आंब्याची डहाळी. रिक्षावाल्या मंगळूने त्यांना कुठे जायचं ते विचारलंच नाही. डहाळी बघून त्याने रिक्षा सुरू केली आणि वाटेत मागे वळून एवढंच म्हणाला, "मामांची नावं आठवून ठेवा. ती आधी ताच विचारनार."