टँकरच्या रांगेतली मुलाखत

रांगेत पुढं उभ्या पोरीच्या फोनवर दिसणाऱ्या टायवाल्याला मी पाणीपुरवठ्याचा साहेब समजले आणि ओरडले, "आठ दिवसांनी टँकर धाडता, लाज नाय वाटत?"

ती अनोळखी पोरगी पांढरी पडली. ओढणी खोचून, पायानं घागर पुढं सरकवत ती परदेशातल्या मोठ्या कोर्टात काम शिकायला जाण्यासाठी मुलाखत देत होती. वकिलीला होती. दोन देशांनी एक नदी कशी वाटावी, हा त्या साहेबाचा प्रश्न होता.

फोन बंद न करता तिनं त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून माझं ओरडणं हातवाऱ्यांसकट इंग्रजीत सांगितलं. साहेब पोट धरून हसला.

"मला घेतलं, मावशी! तुम्ही माझ्या पहिल्या अशील!" म्हणत तिनं मला गरगर फिरवलं. माझी नुकतीच टँकरवर भरलेली घागर लवंडली, तरी मी हसतच होते.

ती परदेशी जाईपर्यंत आमच्या हर्सूलचा तो दुष्काळ आम्ही दोघींनी मिळून काढला.