न तपासलेल्या लिफ्टवरची सही

कानसेनला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. लिफ्टच्या बंद दाराला कान लावून, डोळे मिटून उभा! आत नवरा-बायको भांडतायत आणि हा चोरून ऐकतोय, असाच थाट. ऐकत असायचा तो यंत्राची कुरकुर. खरं नाव परवान्यावर होतं. बाकी जगासाठी, आणि चिडली की बायकोसाठीसुद्धा, तो कानसेनच.

लिफ्ट दुरुस्तीत त्याची उमर गेली. ज्या वस्तादाच्या हाताखाली तो शिकला, तो महाखडूस. शिव्या आधी, शिकवण नंतर. पण त्याचा एक नियम त्याच्या सगळ्या चेल्यांनी पाळला. लिफ्ट तपासायची म्हणजे कॅबिनच्या आत नाही, कॅबिनच्या डोक्यावर बसायचं. तिथे अंधारात, ग्रीसमध्ये मांडी घालून वरच्या मजल्यापासून थेट खालपर्यंत एक फेरी मारायची, दोर डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचे, रूळ बघायचे, मग मशीन रूममध्ये जाऊन ब्रेक उघडायचा. हे सगळं झालं की मग सही. त्याआधी राजा आला तरी नाही.

बायको घरी शाळांचे गणवेश शिवायची. ती म्हणायची, "अहो, पांढऱ्या शर्टांच्या ढिगाजवळ तुम्ही फिरकू नका. तुमची सावली पडली तरी डाग पडेल." तो हसायचा आणि लांबूनच जेवायला वाढ म्हणायचा. सही केलेल्या दिवशी त्याला झोप छान लागायची.

आता कायद्याचं ऐका. कुठेतरी लिफ्ट कोसळली, माणसं गेली, तेव्हा कायदा झाला. दर महिन्याला प्रत्येक लिफ्ट परवाना असलेल्या माणसानं तपासायची आणि त्याच्या सहीचा कागद कॅबिनमध्ये लावायचा. चांगला कायदा. माणसं मेल्याशिवाय सुचला नाही, हे सोडा, पण चांगला. मग आली डबी. साबणाच्या वडीएवढी. लिफ्टच्या मोटारीला चिकटवायची, ती मोटारीचा ताप आणि थरथर मोजणार आणि लांब ऑफिसातल्या पडद्यावर हिरवा ठिपका दाखवणार. डबीबद्दलही माझी तक्रार नाही. तापमापक वाईट असतो का? तक्रार आहे ती त्या सरकारी दीडशहाण्यांबद्दल, ज्यांनी कानसेनच्याच कंपनीच्या माणसांबरोबर गार खोलीत बसून नियमात एक ओळ घुसडली: तपासणी यंत्राच्या मदतीने केली तरी चालेल. त्या खोलीत एकही मेकॅनिक नव्हता. लिफ्टवाल्यांना कशाला बोलवायचं? त्यांच्या हाताला ग्रीस, खुर्च्या खराब व्हायच्या!

"मदतीने" म्हणता म्हणता मदतच उरली, तपासणी गेली. कंपनीनं सगळे मेकॅनिक घरी बसवले. कानसेनला तेवढा ठेवला, कारण कायद्याला अजून परवानावाल्या माणसाची सही लागत होती. डबीला परवाना मिळत नाही आणि डबीला तुरुंगातही टाकता येत नाही. निरोपाच्या चहाला एक जुना सोबती म्हणाला, "कानसेन, तुला कामावर ठेवलंय की तारण ठेवलंय, एकदा विचारून घे." सगळे हसले. कानसेनही हसला, पण चहा तसाच ठेवून उठला.

त्याला खुर्ची मिळाली, पडदा मिळाला. शहरातल्या एवढ्या लिफ्टा की दहा वस्ताद जन्माला आले तरी त्यांच्या डोक्यावर बसून होणार नाहीत. हिरवा ठिपका दिसला की बटण दाबायचं, त्याची सही त्या कागदावर उमटायची. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, मला जाऊन बघायचंय. मॅनेजर पोरगेलासा, तोंडानं गोड. "जाऊ हो काका, आधी हा महिना निघू दे." महिना निघाला, दुसरा निघाला. आणि हा बटण दाबत राहिला. खोटं कशाला बोला, दाबलं त्यानं. घर होतं, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देतो! पण रात्री कूस बदलत राहायचा. बायकोनं विचारलं की म्हणायचा, गॅस झालाय.

अशात एका रविवारी मोठी मेहुणी जेवायला आली. गुडघे गेलेली, पाचव्या मजल्यावर एकटी राहणारी बाई. ताटावर बसता बसता म्हणाली, "भाऊजी, आमची लिफ्ट हल्ली मजल्यावर थांबतच नाही नीट. थांबते, मग हळूच खाली सरकते, मग दार उघडतं. परवा पाय अडकून पडले असते मी."

कानसेनचा घास हातातच राहिला. थांबल्यावर सरकते म्हणजे ब्रेक. पट्टे झिजलेत. आणि डबी मोटारीवर आहे, ब्रेकचं तिला कोणी शिकवलेलंच नाही.

"ताई, जिन्यानं जा," तो म्हणाला.

"जिना? अहो, तुमच्या जिभेला काही हाड? दोन पायऱ्यांत माझा जीव जातो!"

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरपुढे उभा राहिला. मॅनेजरनं पडदा त्याच्याकडे फिरवला. हिरवा ठिपका.

"काका, डेटा काय म्हणतोय बघा ना."

"बाई काय म्हणतेय ते ऐका ना! ती त्यात रोज चढते, तुमचा डेटा चढतो का?"

"नातेवाईक आहेत, म्हणून तुम्ही भावनेच्या भरात..."

"मी ही सही करणार नाही," कानसेन म्हणाला. खुर्चीत जाऊन त्यानं बाकीच्या सगळ्या लिफ्टांची बटणं दाबली, ही एक सोडली. उशिरा का होईना, कुठेतरी पाय रोवला, असं त्याला वाटलं.

आठवडाभरानं मेहुणीचा फोन. आवाज खुशीत. "भाऊजी, येऊन गेलात आणि वर चहालाही आला नाहीत होय? नवा कागद लागलाय लिफ्टमध्ये, तुमची सही आहे. सरकते अजून थोडी, पण तुम्ही बघितलीय म्हटल्यावर मी आपली बिनघोर चढते."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते कानसेनला त्या क्षणी कळलं. बिनघोर! त्याच्या नावावर!

तो मॅनेजरच्या खोलीत घुसला. मॅनेजर डगमगला नाही. "काका, राहिलेल्या सह्या महिनाअखेरीला आपोआप लागतात. या खुर्चीवर बसलात तेव्हा तुम्ही संमती दिलीय. सगळं कायदेशीर आहे."

"आणि ती लिफ्ट पडली तर?"

मॅनेजरनं पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाला, "परवाना तुमच्या नावावर आहे, काका."

म्हणजे बघा कसं आहे. करणारी डबी, कमावणारी कंपनी आणि फासावर लटकायला हा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाला आधीच पकडून, खुर्ची देऊन, पंख्याखाली बसवून ठेवला होता!

तो सरकारी कार्यालयात गेला. तिथल्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणा हा त्या खात्याचा गणवेशच असावा.

"कागदावर सही आहे?"

"आहे."

"परवानाधारकाची?"

"माझीच आहे हो, पण मी केलेली नाही!"

"हं. अपघात झालाय का?"

"अजून नाही."

"मग तक्रार नेमकी कशाबद्दल लिहून घेऊ?"

अहो, माणूस मेल्यावर तक्रार लिहायला मेलेला माणूस येणार आहे का? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आणि हे महाशय मोजतायत जात्याचे फेरे. कानसेन उठला, निघाला, आणि घरी न जाता तडक मेहुणीच्या इमारतीत गेला.

वॉचमन ओळखीचा. त्यानं मशीन रूमची किल्ली दिली. कानसेननं ब्रेक उघडला. पट्टे झिजून लोखंडाला टेकले होते. एवढं बघायला विद्या लागत नाही, फक्त वर चढून यावं लागतं. त्यानं मेन स्विच पाडला, स्वतःचं कुलूप घातलं, आणि खाली येऊन लिफ्टच्या दारावर जाड पेनानं लिहून कागद चिकटवला: "ही लिफ्ट मी तपासून पास केलेली नाही. आतली सही मी केलेली नाही. चढू नका." खाली सही केली. कितीतरी दिवसांनी त्याच्या हातानं केलेली सही.

मग कायदा जागा झाला. काय त्याची चपळाई! जिथे तक्रार लिहून घ्यायला कारण सापडत नव्हतं, तिथे कलम तयार होतं: सुरक्षा यंत्रणेत ढवळाढवळ. दुपारी कुलूप, संध्याकाळी चौकी.

चौकीत बाकावर कानसेन, समोर इन्स्पेक्टर, बाजूला मॅनेजर आणि कंपनीचा वकील. बायको धावत आली, शिवणाची टेप तशीच गळ्यात. वकिलानं छापील कागद पुढे सरकवला. गैरसमजातून कृत्य घडलं, लिफ्ट सुरक्षित आहे, मी दिलगीर आहे. इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "करा सही आणि जा घरी. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

बायको कानाशी वाकली. "अहो, करून टाका. ताईला मी जिन्यानंच जा म्हणून सांगते. आपल्याला कोण आहे यांच्याशी लढायला?"

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. मेहुणी. आवाज एवढा मोठा की बाकावरच्या सगळ्यांना ऐकू गेला. "अगं, भाऊजींचं कुलूप कापलं कंपनीवाल्यांनी! कागदही फाडला. लिफ्ट चालू केली, आणि वर म्हणतात, घाबरू नका, तपासलेली आहे, आत सही आहे बघा. शेजारची बाई तान्ह्या बाळाला घेऊन आत्ता वर गेली. मी ओरडत होते गं, कोणी ऐकेना!"

बायकोचा चेहरा पांढरा पडला. मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागला. वकिलाला मात्र घाई होती. त्यानं पेन उघडून कानसेनपुढे धरलं. "चला, सही करा, म्हणजे आपण सगळे मोकळे."

कानसेननं पेनाकडे बघितलं, मग मॅनेजरकडे. आवाज चढवला नाही त्यानं.

"माझी सही त्यांच्याकडे आहे की. महिनाअखेरीला आपोआप लागते. त्यांनाच करायला सांगा."

कोपऱ्यातला हवालदार फिसकन हसला आणि साहेबांकडे बघून गप्प झाला. इन्स्पेक्टरनं तो छापील कागद उचलला, पुन्हा एकदा वाचला आणि मॅनेजरला विचारलं, "हे काय म्हणतायत?" मॅनेजरनं वकिलाकडे बघितलं.

"समजावा यांना, वहिनी," वकील बायकोला म्हणाला.

"मी काय समजावू?" ती म्हणाली. "आधी ती लिफ्ट बंद करायला फोन लावा. तोवर आम्ही दोघंही इथून हलत नाही." आणि कानसेनला कोपरानं ढोसून म्हणाली, "सरका जरा," आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली.