सारख्या नावाची दोन माणसं

आमच्या पनवेलच्या छोट्याशा दैनिकात दोन हजार दहाच्या आसपास 'डेटा'चं वारं शिरलं. संपादक मुंबईला कसलंसं शिबिर करून आले आणि येताना एक सॉफ्टवेअर घेऊन आले. बातमीदाराने गोळा केलेली माहिती त्यात भरायची, ते ती लावून, निवडून, स्वच्छ करून देणार. 'स्वच्छ' हा शब्द ते इतक्यांदा म्हणायचे की मला त्यांना डोक्यावरच्या पंख्याची जळमटं दाखवावीशी वाटत.

मी तेव्हा खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात खेपा घालत होतो. भरावाने खाडी बुजत आली होती, आणि सरकारी साहेबांचं म्हणणं, इथे आता मासेमारी करतंय कोण? मच्छीमार म्हणून नोंद झाली नाही तर या माणसांना होडी लावायला दुसरी जागासुद्धा मिळणार नव्हती. म्हणून मी दारोदार जाऊन नावं आणली, स्वतः टाइप केली. संपादकांनी एक बटण दाबलं आणि खुशीत म्हणाले, "डुप्लिकेट सगळे उडवले बघ!"

मी कपाळावर हात मारला. अहो, गावभर एकच आडनाव. आजोबा गेला की त्याचं नाव नातवाला. तीच तीच नावं घराघरांतून फिरतात. नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही जुळणारी माणसं एका आळीत राहतात. गावात कुणाचा गोंधळ होत नाही. एकाला थोरला म्हणतात, दुसऱ्याला बारका. हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. "सॉफ्टवेअर कसं चुकेल? तूच दोनदा टाइप केलं असशील," म्हणाले आणि यादी छापून मोकळे झाले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

साहेबांनी नेमकी तीच यादी प्रमाण मानली. अशाच एका जोडीतल्या बारक्याने मला भर मासळीबाजारात गाठलं. "मी हाय का नाय, सांगा! तुमच्या पेपरात मी नाय!" चार बायका कोयते थांबवून माझ्याकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला आणि थोरल्याला घेऊन सरळ साहेबांच्या कार्यालयात गेलो. दोघांनी आपापले अर्ज टेबलावर ठेवले. साहेबांनी आमचा पेपर पाहिला, मग या दोघांना न्याहाळलं.

"यादीत तर एकच आहे. यातला खरा कोण?"

माझं डोकं फिरलं. दोन जिवंत माणसं समोर उभी, आणि हा गृहस्थ कागदात बघून विचारतोय! मी तोंड उघडणार तोच थोरला पुढे झाला.

"माजं नाव काडा, सायब. याची पोरं ल्हान हायत. मी काय, आज हाय, उद्या नाय."

"का म्हणून काढायचं?" मी ओरडलोच. "दोघंही खाडीवर जातात!" बारका मान खाली घालून उभा राहिला. साहेबांनी थोरल्याचा अर्ज बाजूला सारला, बारक्याच्या अर्जावर सही केली आणि हसून मला म्हणाले, "बघा, मिटलं की नाही?"