कारल्याचा रस आणि लिमलेटच्या गोळ्या

सकाळी टेकडीच्या पायथ्याशी एक बाई कारल्याचा रस विकत. लोणी काळभोरहून स्कूटीला स्टीलचे दोन डबे बांधून येत. ग्लास पुढे करताना चेहरा असा, की गुन्हा आपणच केलाय असं वाटावं. खराडीच्या एखाद्या आयटीवाल्याने "मावशी, ऑरगॅनिक आहे ना?" असं विचारलं, की म्हणत, "कडू हाय. प्यायचं तर प्या."

मधुमेह निघाल्यापासून मी दोन याद्या ठेवत होते. डॉक्टरांना दाखवायच्या यादीत गोळ्या. घरच्या यादीत गोळ्या, मेथ्या आणि हा रस. डॉक्टरांना उगाच कशाला दुखवायचं?

एकदा गोळी घेऊन उपाशीपोटी रस प्यायले आणि तिथेच दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. बाईंनी कमरेच्या पिशवीतून लिमलेटच्या गोळ्या काढून माझ्या तोंडात कोंबल्या. बाई गोड गोळ्या जवळ बाळगतात, हे तेव्हा कळलं.

"साखर उतरली. रस पिताय ते डाक्टरला म्हाईत हाय का?"

"नाही सांगितलं."

"नवऱ्यापासून लपवा, सासूपासून लपवा. डाक्टरपासून लपवून मरायचं आसंल तर माझ्या गाडीपाशी नको, म्याडम. सांगून या, मग रस."

इतका अपमान मी आजवर फक्त पुण्यातल्या दुकानदारांकडून सोसला होता. तरी त्याच दिवशी घरची यादी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, उपाशीपोटी रस बंद केला, रोज साखर तपासायला सांगितली आणि विचारलं, "अजून काही?"

दालचिनीचा काढा मी कुठल्याच यादीत लिहिला नव्हता. तोही सांगून टाकला.